नळीचं दुसरं टोक

१

अप्पांची दुपार ठरलेली होती. जेवण उरकायचं, एकुलतं एक ताट विसळायचं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढायचा आणि मागच्या खोलीत शिरायचं. ती खोली मूळची अडगळीची. पंप बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अप्पांनी तिथं कातकामाचं लहानसं लेथ बसवलं, खिडकीखालच्या बाकाला पकडीचा वाइस ठोकला, कानशी मापाप्रमाणे भिंतीवर टांगल्या आणि अडगळ उचलून बायकोच्या कपाटात कोंबली. त्यावरून घरात बरीच धुसफूस झाली, पण लेथ काही हललं नाही.

कारखान्यात त्यांना ‘सूतभर अप्पा’ म्हणत. दुसऱ्या कुणाचंही काम अप्पांच्या डोळ्यांना सूतभर कमी नाहीतर सूतभर जास्तच दिसायचं. असा हा माणूस आता ओंजळीत मावेल एवढं वाफेचं इंजिन करत होता. बोटाच्या पेराएवढा पितळी सिलिंडर, त्यात घोटून बसवलेला दट्ट्या, दट्ट्याच्या दांडीला जोडलेलं जड लोखंडी चाक आणि शेजारी तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. चाक फिरेल तसा सिलिंडर डावी-उजवीकडे डोलायचा आणि त्या डोलण्यातच वाफेची वाट उघडायची नि मिटायची. खेळणं म्हणा हवं तर, फक्त अप्पांच्या तोंडावर म्हणू नका.

बॉयलर पेटवायच्या आधी इंजिन तोंडाच्या फुंकेवर चालवून बघायचं, हा अप्पांचा दंडक. फुंकेवर चाललं ते कशावरही चालेल, असं त्यांचं म्हणणं. सिलिंडरला एका स्प्रिंगचा नट दाबून धरायचा. नट जरा जास्त आवळला तर सिलिंडर डोलायचा नाही, जरा सैल सोडला तर सगळी हवा फटीतून निसटायची. तो बारीक नट फिरवताना कुणीतरी नळीतून एकसारखं फुंकत राहायला हवं. सायकलचा पंप धक्के देतो. स्वतः फुंकावं तर भिंगावर वाफ धरते आणि पुढची कवळी नळीसकट बाहेर येते. थोडक्यात, या कामाला माणसं दोन लागतात.

दुसरं माणूस म्हणजे अप्पांची बायको. तिला दमा होता. पितळेचा कीस आणि तेलाचा वास तिला सोसायचा नाही. म्हणून अप्पांनी खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला भोक पाडलं आणि इंजिनाची रबरी नळी त्यातून पलीकडे काढून दिली. पलीकडे ती स्टुलावर बसायची आणि नळीचं टोक ओठांत धरायची. अलीकडून अप्पा म्हणायचे, “दे.” ती द्यायची. दोन-चार फुंका झाल्या की थांबायची. ते थांबणं अप्पांना भिंतीतूनही कळायचं. चाक मंदावायचं, मग पलीकडून श्वासाची बारीक शीळ, मग खोकला, मग, “संपली हो हवा. नवी भरते, थांबा.”

कधी लहर आली की ती फुंकायच्या ऐवजी हवा ओढून घ्यायची. मग चाक उलटं फिरायचं. अप्पा ओरडायचे, “अगं, इंजिन आहे हे, चेष्टा नाही!” की पलीकडून हसणं आणि हसण्यामागोमाग पुन्हा खोकला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. इस्पितळात, नाकाला नळी लावलेली असताना. घरातली नळी मात्र राहिली, भिंतीतून आरपार, तिचं पलीकडचं टोक स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेलं. ती स्वतः अडकवून गेली होती तसंच.

२

लेक दुसऱ्या शहरात असायची. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच बोलणं व्हायचं.

“अप्पा, असे किती दिवस एकटे राहणार? इथं तुमच्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीये. लेथसुद्धा मावेल. मी मापं घेतलीत.”

“कशानं घेतलीस?”

“टेपनं.”

“टेपनं घेतलं म्हणजे अंदाज झाला. माप नव्हे.”

“अप्पा, विषय बदलू नका.”

“इंजिन एकदा चालू दे. चाललं की त्याच दिवशी येतो. शब्द दिला.”

शब्द द्यायला काही जात नव्हतं, कारण इंजिन चालणार नव्हतं. फुंकायला माणूस नाही तर नट लागायचा कसा? अप्पांना हे पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच ते रोज इमाने इतबारे मागच्या खोलीत जाऊन बसत होते. घर खायला उठत होतं, हे खरं. संध्याकाळी आपल्याच चपलांचा आवाज ऐकून ते दचकत. पण लेकीच्या नव्या कोऱ्या घरात बायकोचा खोकला कुठून ऐकू येणार? इथं निदान तो जिथून यायचा ती भिंत होती.

सवय मात्र जात नाही. पाना नटावर बसवला की त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं, “दे.” मग ते जरा वेळ थांबायचे. पलीकडून काही यायचं नाही. पाना खाली ठेवायचा, चष्मा पुसायचा, दुसरं काहीतरी घासत बसायचं. रोजचंच झालं होतं ते.

त्या दुपारीही ते म्हणाले, “दे.”

आणि चाक फिरलं.

पुरतं नाही, अर्धा फेरा. सिलिंडर एकदा डोलला, भोकातून ‘फुस्’ झालं आणि थांबलं. अप्पा पान्यासकट तसेच बसून राहिले. मग त्यांच्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. बाकाला आपलाच गुडघा लागला असेल. रस्त्यावरून जड गाडी गेली असेल. चाक एका बाजूला जड राहिलं असेल तर ते स्वतःच्या वजनानं खाली येणारच. चाक त्यांनीच तोललं होतं आणि ते कुठल्याही बाजूला जड नव्हतं, पण ते त्यांनी तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. स्टूल जागच्या जागी. खिडकी बंद. नळीचं टोक खिळ्यावर होतं. अप्पांनी ते चिमटीत धरलं.

टोक ओलं होतं. ओलं आणि कोमट.

चहाची वाफ धरली असणार, दुसरं काय, असं म्हणून त्यांनी बोटं लेंग्याला पुसली. खोलीत परत येऊन बसल्यावर त्यांना आठवलं की सकाळी दूध नासलं होतं आणि आज घरात चहा झालाच नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी अप्पांचं जेवणात लक्ष नव्हतं. ताट तसंच ठेवून ते खोलीत गेले. पाना घेतला, घसा खाकरला आणि मुलगी बघायला गेलेल्या माणसासारखे अवघडून म्हणाले, “दे.”

चाक फिरलं. एक फेरा, दुसरा फेरा, मग हळूहळू थांबलं.

अप्पांना रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडू आलं. इस्पितळातही ते असे रडले नव्हते, कारण तिथं सह्या करायच्या होत्या आणि लेकीला धरायचं होतं. आता खिडकीतून ऊन येत होतं, वाइसवर पितळेचा कीस चमकत होता आणि भिंतीपलीकडे त्यांचं माणूस होतं. विचार करायची गरज नव्हती. विचार केला तर ते जाईल, असं त्यांना वाटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट न तपासता ठेवून दिली.

मग रोजच सुरू झालं. “दे,” म्हटलं की चाक फिरे. अप्पा नट चिमूटभर आवळत, चिमूटभर सोडत आणि बोलत राहत. कपाटातली अडगळ शेवटी काढली गं. लेक फार मागे लागलीये. शेजारी नवीन भाडेकरू आलेत, बाई भांडखोर दिसतात, तुझं जमलं असतं. उत्तर येत नसे. खोकलाही येत नसे. पण चाक फिरे. रोज जरा जास्त वेळ फिरे.

एक होतं. काम संपल्यावर अप्पांना धाप लागायची. बसून काम, हातात बोटभर पाना आणि छातीचा भाता मात्र डोंगर चढून आल्यासारखा. वय झालं, ते म्हणायचे.

एका दुपारी वायरमन आला. तो गल्लीतला जुना मित्र. हातात पक्कड आणि तोंडात बडबड, दोन्ही कायमचं. आल्या आल्या तो स्वयंपाकघरातल्या त्या स्टुलावर बसायला गेला.

“त्यावर नको,” अप्पा म्हणाले.

“का? मोडलंय?”

“नाही. खुर्ची घे.”

वायरमननं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “अप्पा, काय हो, जिना चढून आल्यासारखे बोलताय. तुमच्या घराला तर जिनाच नाही.”

अप्पांना कुणालातरी सांगायचंच होतं. त्यांनी सांगितलं. नळी, फुंक, सगळं. ओलसर टोकाचं तेवढं सांगितलं नाही. बायको हवा ओढून चाक उलटं कसं फिरवायची, तेही हसत हसत सांगितलं.

“उलटं? मग तुम्ही काय करायचात?”

“ओरडायचो. अन् खरं सांगू, मला ते फार आवडायचं. उलटं फिरलं की समजायचं, आज बाईसाहेबांची तब्येत बरी आहे.”

वायरमननं भिंतीवरच्या भोकाला तळहात लावला. “हवा खेळते इथून. पलीकडची खिडकी तापते, अलीकडची खोली थंड, झालं. हवेला जायला वाट मिळाली की ती जाणारच. वायरिंगच्या पाइपातूनसुद्धा कधी कधी वारा मारतो.” मग तो म्हणाला, “अप्पा, लेकीकडे जा. वाईट वाटून घेऊ नका, पण भिंतीशी बोलायला लागलात तुम्ही.”

दोघांनी मिळून करून पाहिलं. अप्पा पाना धरून “दे, दे” करत राहिले आणि वायरमन दाराशी उभा राहिला. चाक तसूभरही हललं नाही. वायरमन त्यांच्या पाठीवर थोपटून गेला.

बाहेरच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला, तेवढ्यात चाक फिरायला लागलं. अप्पांनी “दे” म्हटलं नव्हतं.

४

नट लागला तो दिवस अप्पांना आधी फार आनंदाचा वाटला. पाना शेवटचा केसभर फिरवला आणि इंजिनाचा आवाजच पालटला. अडखळणं गेलं. टप्-फुस्, टप्-फुस्, टप्-फुस्. चाकाचे आरे दिसेनासे झाले. असं इंजिन कारखान्यात कुणी केलं नव्हतं. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

“चाललं गं,” अप्पा म्हणाले. “बघ तरी, कसं चाललंय.”

पाना खाली ठेवून ते हात बांधून बघत बसले. बघता बघता ते कशाचीतरी वाट पाहायला लागले. कशाची, ते आधी त्यांच्या ध्यानात येईना. मग आलं. ते तिच्या थांबण्याची वाट पाहत होते. आता चाक मंदावेल, आता ती दम खाईल.

चाक मंदावलं नाही.

टप्-फुस्, टप्-फुस्. खिडकीतलं ऊन बाकाच्या पायापासून लेथच्या पायापर्यंत सरकलं. नळीतून येणारी फुंक एकच होती, सलग, मऊ, कुठंही सांधा नसलेली. माणूस असं फुंकू शकत नाही. निरोगी माणूससुद्धा नाही. आणि ती तर चार फुंकांत दमायची.

“पुरे आता,” अप्पा म्हणाले.

चाक फिरत राहिलं.

त्यांच्या छातीत भरून आलं होतं. वाऱ्याची वाट असेल तर ती थांबेलच ना कधीतरी, असं ते स्वतःला समजावत होते. वायरमन म्हणाला तसं असेल. खिडकी तापली असेल. पण बोलणं तोंडून निघालं ते तिच्याशीच, जुन्या सवयीनं, काळजीनं.

“अगं, जरा दम घे की.”

चाक थांबलं. एकदम थांबलं, कुणी बोट लावल्यासारखं. खोलीत एवढी शांतता झाली की अप्पांना भिंतीवरच्या कानशी एकमेकींना लागल्याचं ऐकू आलं.

मग चाक उलटं फिरायला लागलं.

अप्पांच्या ओठांवर हसू आलंच होतं. उलटं फिरवणं म्हणजे तीच, दुसरं कोण! पण हसू पुरतं फुटायच्या आत विरलं. कारण उलट्या फिरण्याचं त्यांनी परवाच सांगितलं होतं. मोठ्यानं, स्वयंपाकघरात, त्या स्टुलाशेजारी बसून. आपल्याला ते फार आवडायचं, हेही सांगितलं होतं. ती दमून थांबायची, खोकायची, हे मात्र ती गेल्यापासून त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

पलीकडे जे होतं, त्याला तेवढंच येत होतं जेवढं अप्पांनी सांगितलं होतं.

चाक उलटं फिरत राहिलं. पलीकडे हवा ओढली जात होती आणि ओढणं संपत नव्हतं. बाकावरची तेलकट चिंधी इंजिनाकडे हळूच सरकली. अप्पांनी श्वास घ्यायला तोंड उघडलं. हवा आत आली नाही, बाहेर गेली. ते कसेबसे उठले, खुर्ची आडवी झाली आणि त्यांनी इंजिनापासून नळी उपटून काढली.

तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला.

५

सकाळी अप्पांना स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं मशीनवर काढलेला माणूस आणि एका रबरी नळीला भ्यायचा! एकट्या माणसाचं मन खेळ करतं. आपणच जेवण झाल्यावर स्टुलावर बसून फुंकत असू, मग ते विसरत असू आणि समोर चाक फिरल्याचा नुसता भास होत असेल. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो ना आपण? धाप लागते, त्याचं कारणही मग तेच. त्यांना हा विचार बराच पटला. वेड लागणं वाईट, पण त्याला निदान औषध असतं.

पटणं वेगळं आणि तपासणं वेगळं. दोन भाग एकमेकांना कुठं टेकतात हे बघायला फिटर लोक एक निळा लेप वापरतात. एका भागाला पुसटसा लावायचा, दुसरा त्यावर टेकवायचा. जिथं टेकलं तिथं निळं. तो लेप खोटं बोलत नाही. आणि कातडीला लागला तर रॉकेलशिवाय जात नाही.

अप्पांनी डबी काढली. स्वयंपाकघरात जाऊन नळीच्या टोकाला लेप लावला, अगदी पातळ. टोक खिळ्यावर अडकवलं. हात रॉकेलनं आणि मग साबणानं स्वच्छ धुतले. खोलीत आले, दाराला आतून कडी घातली, नळी इंजिनाला जोडली आणि कडीकडे तोंड करून बसले. आता आपण उठून गेलो तर कडी सांगेल.

“दे,” ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

टप्-फुस्. टप्-फुस्.

त्यांनी मनातल्या मनात तिला हाक मारली. तूच आहेस ना? तू असशील तर थांब. एकदा थांब, खोक, काहीतरी कर. चाक एकसारखं फिरत राहिलं. छाती भरून यायला लागली तसे ते उठले आणि नळी काढली. मग कडी बघितली. कडी जागची हलली नव्हती.

दाढीचा आरसा खिडकीत होता. त्यांनी ओठ पाहिले. साफ होते. बोटं पाहिली, तीही साफ होती.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण हाडाचा फिटर अर्धी तपासणी करून उठत नाही. त्यांनी नळी अलीकडे खेचून घेतली. भिंतीतून ती सळसळत आली आणि तिचं टोक बाकावर पडलं. टोकाचा लेप पुसलेला होता. नुसता घासलेला नव्हे, चहूबाजूंनी सारखा पुसलेला.

मग त्यांचं लक्ष भिंतीतल्या भोकाकडे गेलं. भोकाच्या कडेला निळं लागलं होतं. अलीकडच्या कडेला, खोलीच्या बाजूनं. नळी तर लेप पुसला गेल्यावर बाहेर आली होती, म्हणजे ते निळं नळीचं नव्हतं.

अप्पा वाकले आणि त्यांनी भोकाला डोळा लावला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या वेळी भरपूर ऊन यायचं. भोकातून ते दिसायला हवं होतं. भोकात काळोख होता. काळोखही कोरडा नव्हता. मग तो काळोख हलला. कडेनं उजेडाची बारीक कोर दिसली, ती मोठी होत गेली आणि पलीकडची खिडकी, खिळा, स्टुलाची कड, सगळं एकेक करून दिसायला लागलं. भोकाला लागलेलं काहीतरी सावकाश मागे होत होतं. आणि ते मागे होताना अप्पांच्या पापण्यांचे केस भोकाकडे ओढले जात होते.

६

फोनवर लेक किंचाळलीच. “चाललं? खरंच चाललं?”

“चाललं. शब्द दिला होता. ये.”

“अप्पा, तुमचा आवाज असा का येतोय?”

“आनंदानं,” अप्पा म्हणाले. “लवकर ये.”

त्यांनी लाकडाची खुंटी तासली, भोकात ठोकून बसवली आणि वरून पुट्टी भरली. नळीचे तुकडे करून कचऱ्यात टाकले. इंजिन मात्र टाकवलं नाही. ते टाकायचं म्हणजे तिच्या सगळ्या दुपारी टाकायच्या. त्यांनी त्याच्या मापाचं खोकं केलं, तळाला इंजिन स्क्रूनं पक्कं केलं, चाकाला कुठं घासणार नाही एवढी जागा ठेवली आणि झाकण लावलं. नळी इथं राहिली, भोक बुजलं, भिंत इथंच राहणार. जे काही होतं ते भिंतीपलीकडचं होतं. त्या रात्री ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून झोपले, कारण आडवं झालं की जीव गुदमरायचा.

लेक सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. दारातच तिनं पिशवी खाली टाकली.

“अप्पा, हे काय? ओठांना काय लावलंय? निळं निळं दिसतंय.”

अप्पांनी ओठांवरून बोट फिरवलं. मग ते हसायला लागले. हसताना धाप लागली तरी त्यांना हसू आवरेना. निळा लेप! म्हणजे आपणच. आपणच फुंकत होतो आणि विसरत होतो. आरशात नीट दिसलं नसेल, डोळे कुठं धड राहिलेत आता. वेडच लागलं होतं तर. केवढं बरं झालं! खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी थांबत थांबत लेकीला सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता अंगावरून ओझं उतरत गेलं.

“तुम्ही ना, अगदी कमाल आहात,” लेक डोळे पुसत म्हणाली. “आजच डॉक्टरकडे जाऊ. ती रॉकेलची बाटली कुठाय?”

तिनं चिंधी भिजवून आणली, लहान मुलाचं तोंड धरावं तसं त्यांचं तोंड धरलं आणि ओठ पुसले. चिंधी पाहिली. पुन्हा पुसले, जरा जोरानं. पुन्हा चिंधी पाहिली.

चिंधी पांढरीच होती.

“जात नाही हो,” ती म्हणाली. मग तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. “अप्पा, नखं पण निळी झालीत. आणि हात केवढे गार पडलेत!”

अप्पांना काहीतरी बोलायचं होतं. त्याच वेळी दाराशी, तिच्या पिशवीशेजारी ठेवलेल्या खोक्यातून आवाज यायला लागला. टप्-फुस्. टप्-फुस्. एकसारखा, कुठंही न थांबता.

लेकीनं वळून पाहिलं. चेहऱ्यावर काळजी होती तरी ती हसली.

“अय्या, खरंच चालतंय की! बंद करायचं राहिलं वाटतं तुमच्याकडून. थांबा, मी बघते. मग लगेच निघू.”

ती खोक्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि झाकणाला हात घातला. अप्पा खुर्चीच्या हातावर रेटा देऊन अर्धे उठले. तिला हाक मारायची होती. नको, तेवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. हाक मारायला छातीत हवा लागते.